पलीकडच्या प्रदेशाची फेरमोजणी

बुधवार, ४ मार्च

पत्नीच्या निधनाला आज एकसष्ट दिवस झाले. दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. नकाशा-कार्यालयात आरेखक म्हणून छत्तीस वर्षे जे काही लिहिले ते डोंगर, ओढे आणि गावे यांच्या शेजारी, सरळ उभ्या अक्षरांत. परंतु आज जे घडले त्याची नोंद कोठेतरी व्हावी असे वाटते, आणि जिच्यापाशी मी अशा नोंदी तोंडी करीत असे ती आता ऐकायला नाही.

सायंकाळी पाच वाजता चष्मेवाला आला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचे चष्म्यांचे दुकान आहे. त्या दुकानामागच्या, डोळे तपासण्याच्या खोलीत माझी पत्नी अकरा वर्षे दर रविवारी तीन ते सहा एक खेळ खेळत असे. व्याख्या आधी द्यावी म्हणून लिहितो: एकाने एक काल्पनिक प्रदेश रचायचा, इतरांनी त्या प्रदेशातले प्रवासी व्हायचे, कोण काय करू पाहतो आणि त्याचे पुढे काय होते हे बोलून, आणि अडलेच तर वीस पैलूंचा फासा टाकून ठरवायचे. प्रदेश रचणारी माझी पत्नी. खेळणारे तिघे: हा चष्मेवाला, शाळेतल्या ग्रंथपाल बाई आणि माझ्या मेहुणीची मुलगी, म्हणजे आमची भाची. "मी पलीकडे जाऊन येते," असे म्हणून पत्नी चपला घाली, आणि सहा वाजता परत येई ती अशा चेहऱ्याने की मी वर्तमानपत्र थोडे उंच धरीत असे.

चष्मेवाला म्हणाला, "तिच्या वह्या आणि नकाशा मिळाला तर बरं होईल. घाई नाही. ती म्हणायची, मी नसले तरी थांबू नका."

माझ्याशी ती असे काही बोलली नव्हती.

"यादी केल्याशिवाय घरातून काहीही बाहेर जाणार नाही," मी सांगितले.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि हसू आवरल्यासारखे त्याने तोंड फिरवले. त्या वाक्यात हसण्याजोगे काय होते ते मला कळले नाही. त्याला बसा म्हणण्याचा माझा विचार नव्हता. तरीही चहा केला. त्याने कप माझ्या अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्यावर ठेवला. तेथे गोल डाग उमटला आहे. तो गेल्यानंतर मी बराच वेळ कोणाशी बोललो नाही. अर्थात बोलण्यासाठी कोणी नव्हतेच.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. चौतीस वर्षांच्या संसारात पत्नीने मला 'अहो' शिवाय कधी हाक मारली नाही. या गृहस्थाला ती फोनवर 'अरे' म्हणत असे. "अरे, तुला अक्कल आहे का?" असे ती त्याला विचारी, आणि हसे. मला तिने हे कधीही विचारले नाही. विचारण्याजोगे प्रसंग आले असतानाही.

शुक्रवार, ६ मार्च

यादी पूर्ण झाली. वह्या सात. फासे अकरा, पैकी एकाचा कोपरा उडालेला. नकाशा एक, सुमारे दोन हात लांब, पत्र्याच्या नळीत गुंडाळलेला. ही नळी माझ्या कार्यालयातली आहे. मी ती चार वर्षे शोधत होतो.

नकाशाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. त्यावरील नदी समुद्रात उगम पावते आणि डोंगरावर चढते. प्रमाण दिलेले नाही. दोन गावांमधले अंतर 'एक मोठी गोष्ट सांगून होईल इतके' असे लिहिले आहे. उत्तर दिशेचा बाण आहे, पण त्याच्या शेजारी 'बहुधा' असा शब्द आहे. मोजके रस्ते, एक पूल आणि दोन-चार गावे शाईत आहेत. बाकी सारे शिसपेन्सिलीत, आणि तेही इतके पुसट की भिंग घ्यावे लागले. 'इथे जंगल आहे म्हणतात.' 'हा किल्ला अजून कुणी पाहिला नाही.' अकरा वर्षांत एखादा नकाशा पूर्ण होऊ नये, हे माझ्या हाताखाली खपले नसते.

हा खेळ सुरू झाला तेव्हा तिने मलाही बोलावले होते. मी प्रथम नियमावली मागितली. तिने एकच पान दिले. मी त्यावर एक्केचाळीस आक्षेप लिहून परत केले. प्रवाशाने किती ओझे उचलावे याला मर्यादा नाही. किती उंचीवरून पडल्यास किती इजा, याचे कोष्टक नाही. मंत्र म्हणणाऱ्याचे काहीच झिजत नसेल तर तो मंत्र म्हणण्यावाचून दुसरे काही करीलच कशाला? माझे मत आजही तेच आहे. ज्या जगात माणसाला किती वजन पेलते हे ठरलेले नाही, ते जग मला उभे राहिल्यासारखे वाटत नाही.

तिने ते सर्व स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या वाचले. "चांगले आहेत हो," ती म्हणाली. "पण तुम्ही आधी या तरी."

मी म्हणालो, आधी नियम.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तिचे नियम आहेत. 'एक: एक फासा आणि एक चांगलं कारण पुरे. दोन: कंटाळा आला की नियम बदलावा.' यातल्या दुसऱ्याला नियम म्हणणे कठीण आहे. ते नियमाला पाडलेले भोक आहे.

रविवार, ८ मार्च

तीन वाजले. पूर्वी रविवारच्या या तीन तासांत घरात शांतता असे आणि मला ती प्रिय होती. ती शांतता कोणीतरी सहा वाजता मोडणार आहे, यामुळे ती प्रिय होती, असे आता दिसते.

चौथ्या वहीत मला एक मनुष्य सापडला आहे.

'पुलावरचा नाकेदार. चष्मा नाकाच्या टोकावर. उंच, ताठ. कागद दाखवल्याशिवाय कुणालाही पूल ओलांडू देत नाही. त्याच्या कागदावर कुणी पेला ठेवला तर दिवसभर बोलत नाही. खोटं बोलायला त्याला येत नाही, म्हणून खोटी माणसं त्याला फार जपतात.'

येथपर्यंत ठीक. परंतु समासात बारीक अक्षरांत असे आहे: 'आज सगळे म्हणाले, पुढे नको, नाकेदाराकडे परत जाऊ.' आणखी एके ठिकाणी: 'नाकेदार आज लाजला. मला फार आवडला.'

मी मोजले. सात वह्यांत राजाचा उल्लेख नऊ वेळा आहे. नाकेदाराचा एकशे बारा वेळा.

शिवाय चौथा नियम: 'पलीकडे सगळ्यांना अरे-तुरे. राजालासुद्धा. फक्त नाकेदाराला अहो.'

तीन बिंदू एका रेषेत आले की रेषा ओढण्यास हरकत नसते. चष्मा, एकशे बारा, आणि समासातले ते वाक्य. हा नाकेदार म्हणजे चष्मेवाला आहे. चारचौघांत 'अरे' आणि वहीत 'अहो'. लपवण्याची ही रीत मला तिच्याकडून अपेक्षित नव्हती. उंच आणि ताठ हे मात्र जुळत नाही. चष्मेवाला ठेंगणा असून खुर्चीत सांडल्यासारखा बसतो. जीव जडला की माणूस उंच दिसू लागतो, असे समजावे लागेल.

आज जेवलो नाही. भूक नव्हती म्हणून. अन्य कारण नाही.

बुधवार, ११ मार्च

भाची कामावरून परस्पर आली. ती लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. हातांना वंगण होते.

"काका, वह्या देणार आहात की त्यांच्यावर अंडी घालून बसणार आहात?"

मी तिला सरळ प्रश्न केला. "तुमच्या खेळात तो नाकेदार कोण होत असे?"

"मावशीच. दुसऱ्या कुणाची टाप होती?"

"तो कोणावरून घेतला होता?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"माहीत असते तर विचारले नसते."

"मग यायचं होतं ना एकदा ऐकायला," ती म्हणाली. "अकरा वर्षं होती की." एवढे बोलून ती हात धुवायला गेली, आणि गरजेपेक्षा बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला उत्तर मिळाले, असे मी समजतो. ज्या नावाचा उच्चार नवऱ्यासमोर करवत नाही, ते नाव कोणते असणार?

जाताना दारात म्हणाली, "निदान नकाशा तरी द्या हो. त्याच्याशिवाय आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत बसतो."

देण्यास माझी हरकत नाही. परंतु आहे त्या स्थितीत तो बाहेर जाता कामा नये. चष्मेवाल्याच्या टेबलावर जे उलगडले जाईल त्यावर या घरातल्या दुसऱ्या माणसाचाही हात दिसला पाहिजे.

गुरुवार, १९ मार्च

आठ दिवस सलग काम केले. निवृत्तीनंतर प्रथमच पेने उकळत्या पाण्यात धुतली. आज सायंकाळी नकाशा पूर्ण झाला: सर्व शाईत. जंगल, दलदल, मिठाचा डोंगर, एकोणीस गावे. न पाहिलेल्या किल्ल्याला बुरूज तीन की चार हे पुसट रेषेवरून ठरत नव्हते. शंका असेल तेथे निर्णय घ्यावा लागतो, मी चार काढले. 'म्हणतात', 'बहुधा', 'कुणास ठाऊक' हे शब्द गाळले. शाई वाळल्यावर रीतीप्रमाणे खालची पेन्सिल खोडरबराने साफ केली.

उलट्या नदीपाशी थांबलो. बाण फिरवला की काम होण्यासारखे होते, आणि पाणी चढावर जात नाही हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही ती तशीच ठेवली. प्रत्येक वळणावर तिने रेषा दोनदा ओढली होती. तिचा हात कोठे थबकला ते दिसत होते.

काम उत्तम झाले आहे. असे काम चष्मेवाल्याच्या हातून होणार नाही.

रविवार, २२ मार्च

जे झाले ते क्रमाने लिहितो.

तीनला पाच मिनिटे कमी असताना दुकानाच्या मागल्या दाराने आत गेलो. खोली लहान. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरे, खाली लहान होत गेलेली. टेबलाभोवती चार खुर्च्या. एकीवर कोणी बसत नाही हे न सांगता कळले. मला डोळे तपासण्याच्या उंच खुर्चीत बसवण्यात आले.

मी येण्याआधी त्यांचा वाद चालला होता आणि तो थांबला नाही.

"ओझ्याचा हिशेब हवाच," ग्रंथपाल बाई म्हणत होत्या. "तू सहा तलवारी पाठीवर घेऊन झाडावर चढतेस. मी मेले तरी मान्य करणार नाही."

"बाई, तू मागच्या वर्षी मेलीस," भाची म्हणाली. "दलदलीत. अन्नाच्या पिशव्या सोडवेनात म्हणून."

"नियमाप्रमाणे मेले. त्याचा मला अभिमान आहे."

"मला विचाराल तर फासाच नको," चष्मेवाला म्हणाला. "नुसतं बोलायचं."

"तू गप रे," बाई म्हणाल्या. "तुला हरायचं नसतं, एवढंच."

ग्रंथपाल बाईंविषयी माझे मत तत्काळ अनुकूल झाले. मी नळी उघडली आणि नकाशा पसरला.

तिघेही नकाशावर वाकले. मी समजलो, काम पाहून थक्क झाले असतील. मग भाचीने हात लांब करून किल्ल्याच्या चार बुरुजांवर बोट टेकवले आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "काका, हे काय केलंत," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

ग्रंथपाल बाईंनी मला समजावून सांगितले. लहान मुलांना सांगतात तशा आवाजात. पलीकडच्या प्रदेशात शाईने काढलेले ते खरे. पेन्सिलीत आहे ते ऐकीव. प्रवासी स्वतः जेथे पोहोचले, जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच पत्नी त्या रविवारी शाईत घेत असे. बाकी सारे अफवा: असेल, नसेल, निराळेच काही असेल. त्यासाठीच तर ते निघत.

"हा नियम कोठे लिहिलेला आहे?" मी विचारले.

"लिहायचा कशाला? आम्हाला माहीत होता."

मी एका आठवड्यात तो सारा प्रदेश खरा करून टाकला होता. जायला काही उरले नव्हते.

"आणि तिचं अक्षर?" चष्मेवाल्याने विचारले. "जंगलाजवळ लिहिलं होतं ते?"

"खोडले," मी सांगितले. "रीतीप्रमाणे."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असू द्या," तो म्हणाला. "तुम्हाला कसं माहीत असणार?" तो रागावला असता तर मला चालले असते. त्याची क्षमा मला नको होती. ती देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

बुधवार, २५ मार्च

कार्यालयात चुकीची शाई आम्ही ब्लेडने खरवडत असू. एक कोपरा खरवडून पाहिला. कागद पातळ झाला, उजेड आरपार दिसू लागला. थांबलो.

टेबलाच्या खणात त्या आठ दिवसांतला खोडरबराचा चुरा अजून पडलेला आहे. करडा आहे. तो टाकून द्यायला हवा. तरीही एका लिफाफ्यात भरून ठेवला आणि लिफाफ्यावर तारीख घातली.

रविवार, २९ मार्च

जाणार नव्हतो. भाचीने फोन करून सांगितले, "या. चूक करून लपणं शोभत नाही तुम्हाला." गेलो.

प्रदेश रचण्याचे पत्नीचे काम आता भाची करते, आपल्याच खुर्चीत बसून. त्यांनी पूर्ण झालेल्या नकाशावर खेळून पाहिले. ग्रंथपाल बाई किल्ल्याकडे निघाल्या आणि किल्ला होता तेथेच सापडला, चार बुरुजांसह. तीन वेळा जांभई आली. त्यांतली एक माझी होती. शेवटी बाई म्हणाल्या, "चला, नाकेदाराकडे तरी जाऊ."

"मला तो जमत नाही," भाची चष्मेवाल्याला म्हणाली. "तू कर. तुला तिचा नाकेदार हुबेहूब येतो."

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिले. मग तो खुर्चीत ताठ झाला. चष्मा नाकाच्या टोकावर ओढला. "कागद दाखवा," तो म्हणाला. "तोंडी माहिती ग्राह्य धरली जात नाही."

हे माझे वाक्य आहे. दूधवाल्याला, विमा कंपनीला, पत्नीला, सर्वांना मी हे वाक्य म्हणतो.

"अहो नाकेदार," बाई म्हणाल्या, "पावसात भिजलेत हो कागद."

"यादी केल्याशिवाय पुलावरून काहीही पलीकडे जाणार नाही. नियम म्हणजे नियम." आणि तो थांबला. त्या थांबण्यात त्याने नाकाने एक बारीक श्वास आत घेतला, खालचा ओठ किंचित दाताखाली धरला, आणि मग जणू कोणी ऐकू नये अशा बेताने म्हणाला, "तरीही."

बाईंनी टाळी वाजवली. पूल उघडला होता.

मी उठून बाहेर दुकानात आलो. काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी ओळीने ठेवल्या होत्या. शब्द माझे होते. परंतु तो श्वास, तो ओठ, ते थांबणे माझे नव्हते. सुईत दोरा ओवताना ती असाच श्वास घेत असे. माझी नक्कल करणारी ती, आणि तिची नक्कल करणारा हा. माझ्या घरात तिचा आवाज एकसष्ट दिवसांपासून नव्हता. आता शहाऐंशी झाले. आणि तो या माणसाच्या तोंडात, दर रविवारी, दुकानामागे होता.

गुरुवार, २ एप्रिल

आठ मार्चची नोंद चुकीची होती. नाकेदार चष्मेवाल्यावरून घेतलेला नाही. दुरुस्ती नोंदवली.

या शोधाने समाधान व्हायला हवे होते. ते झालेले नाही. चष्मेवाल्याचा हेवा वाटत होता तो गेला नाही, फक्त त्याचे कारण बदलले. आणि वर त्या नाकेदाराचा हेवा आला. त्याच्याजवळ माझा चष्मा आहे, माझी वाक्ये आहेत, माझा ताठा आहे, आणि शेवटी तो पूल उघडतो. म्हणजे तिने मला घेतले, जे कमी होते ते घातले, आणि त्या सुधारलेल्या प्रतीबरोबर अकरा वर्षे रविवार काढले. मूळ प्रत घरी वर्तमानपत्र वाचत होती.

भाचीला फोनवर हे सांगितले. एवढ्या स्पष्ट शब्दांत नाही.

"काका, तो तुम्हीच आहात."

"माझ्यात ते शेवटचे नाही. मी कोणता पूल उघडला?"

"मी कॉलेज सोडून लिफ्टच्या कामाला लागायचं म्हटलं, तेव्हा घरात सगळे माझ्यावर तुटून पडले. तुम्ही तर एक तास झोडपलंत मला. आणि मग रात्री बसून माझा अर्ज कुणी भरून दिला?"

"तू भरला असतास तर खाडाखोड झाली असती. अर्ज परत आला असता."

"हो ना," ती म्हणाली. "असं करा, हे नाकेदाराच्या आवाजात पुन्हा म्हणा." आणि हसू लागली. तिचा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही.

मंगळवार, ७ एप्रिल

सकाळी दाढी करताना आठवले. एका वर्षी पुरानंतर नदीने पात्र बदलले. आमच्या नकाशावर, सही-शिक्क्यासह, जेथे गाव होते तेथे पाणी. जेथे पाणी होते तेथे वाळू. शाईचा नकाशा खोडता येत नाही. तेव्हा फेरमोजणीचा आदेश काढण्यात आला. आदेश निघाल्यापासून मोजणीदार प्रत्यक्ष त्या जागी पाय ठेवीपर्यंत नकाशावरची प्रत्येक खूण 'पूर्वी येथे असल्याचे समजते' एवढीच धरली जाई. साहेबांनी मसुदा माझ्याकडून करून घेतला होता.

दाढी अर्धवट टाकून आदेश लिहावयास बसलो. एक पान. आक्षेपांना जागा ठेवली आहे.

रविवार, १२ एप्रिल

आदेश मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य असे: 'सबब, सदर प्रदेशातील जंगल, किल्ला, दलदल व एकोणीस गावे ही मोजणीदार तेथे पोहोचेपर्यंत ऐकीव मानण्यात यावीत.'

ग्रंथपाल बाईंनी पान हातात घेऊन पुन्हा वाचले. "याला तोड नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे किल्ल्याला चार बुरूज आहेत, ही आता अफवा?"

"कोणा आरेखकाने पसरवलेली," मी म्हणालो.

भाची टेबलावर डोके ठेवून हसली. मी विनोद केला नव्हता. परंतु ते हसणे तिच्या मावशीच्या हसण्याच्या इतके जवळचे होते की मी दुरुस्ती केली नाही.

"पण मोजणीदार कोण?" चष्मेवाल्याने विचारले.

"मी."

मला डोळे तपासण्याच्या खुर्चीतून उतरवून टेबलाशी बसवण्यात आले. रिकाम्या खुर्चीत नाही. चष्मेवाल्याने दुकानातून स्टूल आणले. भाचीने विचारले, मोजणीदार काय-काय ओझे घेऊन निघाला आहे. मी यादी आणली होती: साखळी, झेंड्या, होकायंत्र, दोन पेन्सिली, एकूण वजन अकरा किलो. बाईंनी मान डोलावली. कोपरा उडालेला फासा मला देण्यात आला. तो तिचा होता, असे कळले. पहिल्याच फेकीत तीन पडले आणि माझा मोजणीदार ओढ्यात पडला. पडल्यास इजा किती, याचे कोष्टक नाही. भाची म्हणाली, "कोट भिजला, आणि तुम्ही जरा चिडलात." ते बरोबर होते.

आणि मग पूल आला.

चष्मेवाला ताठ झाला. चष्मा नाकाच्या टोकावर ओढला. "कागद दाखवा. तोंडी माहिती ग्राह्य धरली जात नाही."

कागद माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. चार दिवस खपून मी मोजणीदाराचा परवाना तयार केला होता: शाईत, किनारीसह, खाली गोल शिक्का. असा परवाना पाहून कोणताही नाकेदार उठून उभा राहिला असता.

"आणलेला नाही," मी म्हणालो. "घरी राहिला."

आयुष्यात मी असे वाक्य उच्चारले नव्हते. भाचीने चमकून वर पाहिले. परवाना मी तिला दारातच दाखवला होता. मग ती खाली वहीत पाहू लागली.

"परवाना नाही, तर पूल नाही," चष्मेवाला म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

आणि तो थांबला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. समोरच्या तक्त्यावर पाहिले, सर्वांत खालच्या ओळीकडे, जी मला वाचता येत नाही. बारीक श्वास आत गेला. ओठ दाताखाली गेला. सुईत दोरा ओवला जात होता.

"तरीही," ती म्हणाली.

मी असेच लिहीत आहे. ऐकणाऱ्याला जे ऐकू आले ते नोंदवण्याचा अधिकार आहे.

"चला काका, उघडला की पूल," भाची म्हणाली. "जा पलीकडे."

"नको," मी म्हणालो. "परवान्याशिवाय जाणे योग्य होणार नाही. मी पुढच्या रविवारी घेऊन येतो."

चष्मेवाल्याने चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. तो डोळे तपासणारा मनुष्य आहे. त्याला काय दिसले ते मला ठाऊक नाही. "या," तो म्हणाला. "नाकेदार कुठे जात नाही." निघताना त्याला मी दुकानाच्या पायरीवर सांगितले की त्याने मला 'अहो-जाहो' करणे चालू ठेवावे, माझी त्याबाबत काही तक्रार नाही. त्याचा हेवा मला आजही वाटतो. तो कमी होईल असे दिसत नाही, आणि त्यासाठी मी काही उपाय करणार नाही.

परवाना या पानात घडी घालून ठेवला आहे. तो पुढच्या रविवारीही मला सापडणार नाही.